मागून चढायची बस

शाळेने मोडीत काढलेली ती पिवळी बस विकत घेऊन आमच्या वावरात आणून उभी केली, दार उघडून आत पाय ठेवला, आणि वाटलं, पोरं आत्ताच उतरून गेलीत. वास तसाच होता. डब्यातल्या लोणच्याचं तेल, ओले बूट, पेन्सिलीचा भुसा, उन्हात तापलेलं रेक्झिन. खिडकीखालच्या पत्र्यावर कर्कटकाने नावं कोरलेली. एका सीटच्या फटीत चिंचोके निघाले, दुसऱ्या फटीत लाल रिबिनीचा तुकडा. मी एका बारक्या सीटवर बसून पाहिलं. गुडघे पार हनुवटीला आले. आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या गाडीत बसलो तो असा, डोक्यावरचे सगळे केस पिकल्यावर.

घरात हे कुणाला रुचलं नव्हतं. सून ओट्यावरूनच म्हणाली, "तात्या, लोक भंगार दाराबाहेर काढत्यात, तुमी घरी आणायला लागले व्हय?"

"भंगार न्हाई ते. घर हाय. चाकावरलं घर."

"मंग ह्ये काय हाय?" तिने आमच्या स्लॅबच्या घराकडे हात केला.

"ह्ये बसल्या जागचं."

हौसा, म्हणजे आमची मंडळी, चौकटीला टेकून ऐकत होती. ती काहीच बोलली नाही. ती बोलली, भांडली, तर निभतं. गप्प राहिली की समजायचं, अवघड आहे. संध्याकाळी भाकरी वाढताना तिने तोंड उघडलं. "तुमी खुशाल जावा. मी काय येनार न्हाई. माझं चाकावर फिरून झालंय, जलमाचं."

मी म्हणालो, "नको येऊ." आणि भाकरी मोडली. पण घास काही गोड लागला नाही. कारण बसचा सगळा घाट तिच्यासाठीच होता. मी गावभर सांगून मोकळा झालो होतो, की दिवाळीचा पाडवा झाला की आम्ही नवरा-बायको निघणार. पाथर्डीच्या डोंगरातून खाली, भिंगारवरून, राहुरीकडच्या ऊसपट्ट्यातून थेट पुणतांब्याला, गोदावरीपर्यंत. आमची जुनी वाट. तेव्हा पोटासाठी गेलो, आता हौसेखातर जायचं. ती आली नाही तर त्या बसचं खुराडं करायचं आणि कोंबड्या पाळायच्या, एवढंच उरत होतं.

आमचं जुनं जाणं म्हणजे ऊसतोडीचं.

मला शाळेचं विचाराल तर शाळा ही पावसाळ्यातली गोष्ट होती. पाऊस पडला की शाळा उगवायची, दसरा झाला की वाळून जायची. पाटीवर बाराखडी निम्म्याला यायची, तोवर दारात गाड्या जुंपल्या जायच्या. मास्तर म्हणायचे, पोराला ठेवा. आई म्हणायची, "ठिवते की. त्याला भाकरी कोन घालतंय त्ये सांगा." पुढच्या पावसाळ्यात परत पहिल्या अक्षरापासून. माझं अक्षर आजही तसंच आहे, बैल चालल्यासारखं. पण चालतं.

पण गाड्या जुंपल्या जायच्या तो दिवस! त्या दिवसाचं मला कौतुक सांगायचंय. वंगणाचा वास सगळ्यात आधी यायचा. वडील आसाला वंगण घालायचे आणि त्यांच्या हाताला, धोतराला, आमच्या केसांनासुद्धा तो काळा वास दिवसभर राहायचा. लाकडी चाकाला लोखंडाची धाव असायची. ती खडकावरून गेली की असा आवाज निघायचा, जसा काही डोंगरच दात खातोय. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज वेगळा. पुढच्या गाडीचे घुंगरू, मागच्या गाडीचे घुंगरू, मला डोळे मिटून सांगता यायचं कोण कुठं आहे ते.

आणि गाडी भरणं. ते काम आईचं. सगळं घर त्या गाडीत बसवायचं, आणि नुसतं बसवायचं नाही, तोलायचं. मागं वजन जास्त झालं की गाडी उलाळते, जू वर आभाळाला जातं आणि बैलांचे गळे आवळतात. पुढं जास्त झालं तर सगळा भार बैलांच्या मानेवर. म्हणून दळायचं जातं बरोबर आसावर. धान्याची पोती त्याच्या पुढं, कोपीचे, म्हणजे तिथल्या झोपडीचे, बांबू आणि तट्टे दोन्ही बाजूंनी, खाली डालग्यात कोंबड्या टांगलेल्या. आई लांब उभी राहून डोळा बारीक करून बघायची. "ती घागर इतभर मागं." आम्ही सरकवायचो. मग ती कमरेवरचा हात काढायची. हात काढला म्हणजे घर तोललं.

कारखान्याच्या जवळ आलो की हवा बदलायची. मळीचा आंबूस वास, त्याच्यात कढणाऱ्या रसाचा गोड वास, आणि मग तो भोंगा. आम्ही पोरं भोंग्याला भोंगा देऊन ओरडायचो. कोपी उभी राहायची, पाचटाची, दार इतकं बुटकं की पाटलालाही वाकून आत यावं लागायचं. सकाळी उसाच्या फडावर धुकं. पानं इतकी गार आणि धारदार, की हाताला रेघा उमटायच्या आणि त्या दुपारी घामाने चुरचुरायच्या. तोडलेल्या उसाच्या वाढ्याचा, शेंड्याच्या पाल्याचा, हिरवा वास. बैलांचा वाढं खातानाचा करकर आवाज. दुपारच्या भाकरीला आई मिरची ठेचायची, ती कोयत्याच्या मुठीने, तव्यावरच. त्या ठेच्याला थोडी लोखंडाची चव असायची. नंतर हॉटेलात, लग्नात, पोरींच्या घरी लई खाल्लं, पण ती चव सापडली नाही.

कष्ट होते का? होते की. ते सगळ्यांना ठाऊक आहेत. मला ते लिहायचे नाहीत.

बस मी भिंगारला नेली, याकोब मिस्त्रीकडे. याकोब माझा जुना दोस्त. मी टेम्पो चालवायचो तेव्हापासून माझ्या गाडीचा पत्रा त्याच्याच हातचा. त्याचा बाप चर्चचे बाक करायचा, ह्याने लाकूड सोडून लोखंड धरलं. कागदपत्रांचं आणि आरटीओचं थोरल्या पोराने निस्तरलं, ती त्याची विद्या. बाकी सगळं मी सांगणार आणि याकोब करणार, असं ठरलं. सीटा काढल्या. पलंग बसवला. पाण्याची टाकी मी बरोबर मागच्या आसाच्या जरा पुढं ठेवायला लावली. याकोब हसला, पण ठेवली.

मग मी म्हणालो, "ह्ये डावीकडचं दार बंद कर. पत्रा मार. दार मागं कर."

"मागं?" याकोबने डोळ्यावरचा काळा चष्मा वर केला. "तात्या, बसमधे माणूस पुढनं चढतो."

"बस असती तं पुढनं चढला असता. आता ही गाडी हाय. गाडीत मागनंच चढत्यात."

"अहो, गाडीला पुढं बैल असतात म्हणून मागनं चढतात. हिला बैल कुठायत?"

"इंजन काय हाय मंग?"

याकोबने त्याच्या बायकोला हाक मारली. "अगं रूथ, इकडे ये. तात्या इंजिनला वैरण घालणार आहेत, बघून जा." रूथबाई चहा घेऊन आल्या आणि दोघं मिळून हसत बसली. मी हटलो नाही. दार मागं झालं. खाली घडीची लोखंडी पायरी, उंबऱ्यावर बसायला रुंद फळी, आणि पडायला नको म्हणून पुढं आडवा दांडा. याकोब वेल्डिंग करता करता म्हणत होता, "करतो बाबा. तुमची बस, तुमचे बैल."

गावात आणली तर पार गंमत झाली. पारावरच्यांना तेवढंच पाहिजे. "तात्या, कासरा कुठं बांधलाय?" "तात्या, वाढं आणून टाकू का पुढं?" एकाने खरंच बसच्या नाकाला गुलाल लावला, बैलपोळ्याचा राहिलेला. मी तो पुसला नाही. शोभत होता.

आता मागचं दार का, ते मी याकोबला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. इथं सांगतो.

आमच्या टोळीत हौसाच्या बापाची गाडी आमच्या पुढं असायची. बाया-पोरी गाडीच्या मागच्या कडेला बसायच्या, पाय खाली सोडून, तोंड मागच्या रस्त्याकडे करून. वडिलांनी कासरा माझ्या हातात दिला तेव्हा मला मिसरूड फुटत होतं. मी पुढं बघून गाडी हाकणार, आणि पुढं कोण? हौसा. माझ्या दोन्ही बैलांच्या शिंगांच्या मधोमध तिचं तोंड. डोंगर उतरताना ते खाली जायचं, चढाला वर यायचं. बोलायची सोय नव्हती, मोठी माणसं होती. ती दाताने ऊस सोलायची, आणि चोयट्या मुद्दाम माझ्या बैलांपुढं टाकायची. बैल थबकून त्या खाऊ लागले की आमची गाडी मागं पडायची, आणि वडील मला रागवायचे, "हाक की बेण्या, झोपला का?" तिकडे ती पदरात तोंड घालून हसायची. हिरव्या बांगड्या, धुळीने पांढऱ्या झालेल्या पापण्या. सगळा रस्ता मी दुसरं काहीच पाहिलेलं नाही. कुणी विचारलं, वाटेत कोणकोणती गावं लागतात, तर मला सांगता यायचं नाही.

मग लग्न झालं, आणि ती दिसायची बंद झाली. कारण आता ती माझ्याच गाडीत, माझ्या पाठीमागं बसायला लागली. मी पुढं बघणार, ती मागं. आवाज यायचा, बांगड्या वाजायच्या, पण मान वळवून बायकोकडे बघणं त्या काळी शोभत नव्हतं.

शाळेच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठा आरसा असतो, पोरांवर लक्ष ठेवायला. तो पाहिला आणि माझ्या मनाने घेतलं. ती मागच्या उंबऱ्यावर बसेल, तिच्या जागेवर, आणि मी आरशात बघेन. या वयात कोण काय म्हणणार आहे?

पण ती यायलाच तयार नव्हती. आणि मी काही पाया पडणाऱ्यातला नाही. मी आपला बसला ऑइल घालतोय, काचा पुसतोय, खाकरतोय, तिच्या कानावर जाईल असं. ती तुळशीला पाणी घालून आत जायची, बसकडे बघायचीसुद्धा नाही. वसुबारस गेली, धनत्रयोदशी गेली. सुनेलाच माझी कीव आली. ती हौसाला म्हणाली, "आत्या, नुस्तं बघून तरी या. तात्यांनी आत ओटा काय झ्याक केलाय."

"ओटा बघून मी काय करू? माझा हाय की घरात."

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी विहिरीवर होतो. मोटार बंद करून वळलो, तर बसच्या मागच्या दारात हौसाचे पाय दिसले. आत खडखड चालली होती. मी गुपचूप जवळ गेलो. तिने पदर खोचला होता आणि पिठाचे डबे उचलून मागं नेत होती.

"काय करती गं?"

दचकली. मग म्हणाली, "समदी वझी पुढं घातली तुमी. पीठ पुढं, बाजरी पुढं, शेगडी पुढं. जड व्हईल की बैलान्ला."

आणि तिचं तिलाच कळलं ती काय बोलली ते. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आधी ती हसली का मी, ते आठवत नाही. पण ती त्या फळीवर बसून इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि सून काय झालं म्हणून धावत आली.

हसून झाल्यावर पदराने तोंड पुसत म्हणाली, "भिंगारपतूर येते. रूथबाईला बी भेटायचंय. तिथनं मी एस्टीनं माघारी येनार. तुमी जावा पुढं तुमच्या नदीला."

"तुझी मर्जी," मी म्हणालो. आतून मात्र मला भोंग्याला भोंगा द्यावासा वाटत होता.

पाडव्याला ओवाळून निघालो. अख्खा पार उभा राहिला होता. मी स्टेअरिंगवर, हौसा मागच्या उंबऱ्यावर, दांड्याच्या आत पाय घेऊन. आरसा मी पाच वेळा नीट केला. तर आरशात काय? तिची पाठ. अंबाडा आणि पाठ. तोंड मागच्या रस्त्याकडे! एवढं साधं मला बसायच्या आधी सुचलं नाही. तिचं तोंड दिसायचं असेल तर मी मागच्या गाडीत पाहिजे. आमच्या दोघांच्या मधे ओटा, पलंग, टाकी, सगळं घर, आणि इंजिनच्या आवाजात हाक मारली तरी तिला ऐकू जात नव्हती. करंजीचा घाट उतरलो. दोन्हीकडे बाजरी सोंगून मोकळी झालेली रानं, मधेच तुरीचं पिवळं. मी एकटाच म्हणालो, "बघ गं, तूर काय आलीय." कोण बघतंय!

भिंगारला याकोबच्या दुकानापुढं गाडी लावली. हौसा मान चोळतच उतरली. रूथबाईंनी करंज्या काढल्या, चहा झाला, नातवंडांचं झालं. मी रिकामी बशीच फुंकत बसलो. याकोबने मला कोपरखळी मारली. "काय तात्या, बैल दमले का?"

एस्टी स्टँडवर सोडतो म्हणून मी उठलो. हौसा उठली नाही.

"एक बोलू का?" ती म्हणाली. "मागनं समदं गेल्यावर दिसतंय. झाड गेल्यावर झाड, गाव गेल्यावर गाव. माझी मान आवघडली."

मला राग आला. "मंग आधी का न्हाई सांगितलं? मी म्हनलं तुला आवडतंय. आख्खा जलम तू मागं बसली."

"आवडतंय? पोरीन्ला पुढं कोन बसू देत हुतं?" तिने करंजीचा तुकडा मोडला. "आन तवा मागं तुमी हुता. म्हून बसायचे मी, मान मोडोस्तोवर. आता मागं कोन हाय? त्यो दुधाचा टँकर? मघापस्नं त्येचा डायवर माझ्याकडं बघून हसतोय."

याकोब उठून दुकानाच्या आत गेला. रूथबाई छताकडे बघायला लागल्या. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते बघणं मला एकट्यालाच ठाऊक आहे.

आतून खरडल्याचा आवाज आला. याकोबने आमच्याच बसमधून काढलेलं एक बारकं बाकडं बाहेर ओढलं, शाळेतल्या पोरांचं, दोघांच्या बसण्याचं. "वहिनी, हे बघा चालतं का. तात्यांच्या शेजारी बसवतो. रेक्झिन जरा फाटलंय."

"मी काय पोर हाय का," हौसा म्हणाली. पण बसून बघितलं. गुडघे वर आले. "बरं हाय की," म्हणाली.

एस्टीचं नाव मग कुणी काढलं नाही.

राहुरी गेलं, आणि हौसाचं तोंड सुरू झालं ते थांबेना. प्रत्येक गोष्ट ती मला आधी सांगायची, जशी काही मला काच नव्हतीच. "त्यो बघा ट्रॅक्टर. ती बघा बाई कशी केरसुनी घेऊन उभी हाय. पुढं खड्डा हाय, खड्डा!" उसाच्या पट्ट्यात शिरलो तेव्हा काचेतून तो वास आत आला, वाढ्याचा हिरवा. ती मधेच थांबली. मी काच आणखी सरकवली. रस्त्याकडेला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या उभ्या राहत होत्या, आता वर निळा प्लॅस्टिकचा कागद असतो. एका कोपीपुढं एक पोरगी ऊस सोलत बसली होती. हौसाने तिला हात केला. पोरीने ऊसच वर करून दाखवला.

पुणतांब्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. गोदावरीच्या काठाला बस लावली. मी मोठ्या ऐटीत ओट्यावरची शेगडी दाखवली. हौसाने ती बघितली, नळ सोडून बघितला, बंद केला, आणि पीठ घेऊन खाली उतरली. तीन दगड तिने स्वतःच शोधले. भाकरीच्या धुराने आमचे डोळे चुरचुरले. नदीवर घंटा वाजत होती, पलीकडच्या काठाला एकेक दिवा लागत होता.

सकाळी चहा पिऊन मी चाकं बघून घेतली आणि म्हणालो, "चल, निघू घरी. पोरं वाट बघत असतील."

हौसा नदीकडे बघत उभी होती. "पल्याड काय हाय वो?"

"गाव हाय."

"कोन्तं?"

किती सीझन आम्ही या पाण्यात बैल धुतले असतील. पण ऊस अलीकडे होता, कारखाना अलीकडे होता. पलीकडे जायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. कोणतं गाव, मला ठाऊक नव्हतं.

"म्हाईत न्हाई," मी म्हणालो. हे वाक्य मी सहसा बोलत नाही.

"मंग बघू की," ती म्हणाली, आणि पातेलं विसळून त्या बारक्या बाकड्यावर जाऊन बसली. फाटकं रेक्झिन तिने रात्रीच शिवून टाकलं होतं.

बस पुलावर चढली. खाली पाणी, त्याच्यावर कोवळं ऊन. हौसा पुढच्या काचेला नाक लावून बसली होती आणि काचेवर तिच्या श्वासाचं धुकं उमटत होतं. मी गिअर टाकायला हात खाली नेला, तर तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"हळू घ्या," म्हणाली. "समदं एकदम येऊ देऊ नका."